साथीच्या मुलखात निघण्याआधी: लष्करी वैद्यकीय पथकातल्या मुलामुलींसाठी हाताची तालीम

मे महिन्यातल्या दुपारी दापोलीत पीपीई किट चढवून अर्धा तास काम करून दाखवा, मग परदेशातल्या साथीबद्दल बोलू, असे मी सुट्टीवर आलेल्या मुलांना सांगते. त्यांना घाबरवायचा हेतू नसतो. २०१४ ते २०१६ या काळात इबोलाने झोडपलेली पश्चिम आफ्रिकेतली फ्रीटाउन आणि मन्रोव्हिया ही शहरे समुद्रकाठचीच आहेत. हवा आपल्यासारखी दमट, माती तशीच तांबडी आणि पाऊस कोकणाच्या तोडीस तोड. तिथे जे करावे लागणार आहे त्याची तालीम करायला आपल्या किनारपट्टीसारखी जागा नाही. पंख्याखाली बसून पाठ केलेला क्रम गॉगलमध्ये घाम साचला की आठवेनासा होतो. उन्हात गिरवलेला क्रम मात्र हाताला लक्षात राहतो.

हे लिहिते आहे ते आर्मी मेडिकल कोअरमधले नर्सिंग असिस्टंट, नौदलातले मेडिकल असिस्टंट, मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधल्या सिस्टर आणि नव्याने रुजू झालेले डॉक्टर यांच्यासाठी. महाडजवळच्या फौजी आंबवड्यापासून जुन्या दापोली कॅम्पापर्यंत फौजेची परंपरा असलेली घरे आपल्याकडे पुष्कळ, आणि आता त्या घरांतल्या मुली नर्सिंग करून सैन्यात जाऊ लागल्या आहेत. काँगोतल्या गोमा शहरात संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत भारतीय लष्कराने रुग्णालय चालवले. २०१८ ते २०२० ची इबोलाची मोठी साथ त्याच प्रांतात पसरली होती. २०२० मध्ये ‘आयएनएस केसरी’ मॉरिशस आणि कोमोरोसला वैद्यकीय पथके घेऊन गेली. असा आदेश कोणालाही, कधीही येऊ शकतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की साथीच्या मुलखात नवे वैद्यकशास्त्र फारसे लागत नाही. शीर शोधणे, सलाईन लावणे, पाणी पाजणे, अंग पुसणे, लघवी मोजणे ही रोजचीच कामे. ती किटमध्ये, उकाड्यात, जोडीने, ठरलेल्या क्रमाने आणि न घाबरता करता येणे हे खरे कौशल्य, आणि ते घरून निघण्यापूर्वी कमावायचे असते. औषधांचे प्रमाण आणि किटचा क्रम यात तुम्ही जाल त्या केंद्राचा नियम शेवटचा. इथले आकडे सरावासाठी धरा.

आदेश हाती पडल्यावर

यलो फीव्हरची लस आधी घ्या, कारण तिचे प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते. हिपॅटायटिस बी, टायफॉइड, मेनिंजायटिस, धनुर्वात यांचे डोस तपासून घ्या. झैरे जातीच्या इबोलावर एर्व्हेबो ही लस आहे, ती पथकाला मिळणार का हे वरिष्ठांना विचारा. दाढदुखी असेल तर आत्ताच दाखवा. तिकडे दाताचा डॉक्टर नसतो.

मलेरियाची प्रतिबंधक गोळी कोणती घ्यायची ते पथकाचा डॉक्टर ठरवेल. डॉक्सीसायक्लिन असेल तर रोज १०० मिलिग्रॅम, जाण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ते परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत. परतल्यावरच्या या चार आठवड्यांच्या गोळ्याच बहुतेक जण चुकवतात. घरी येऊन ताप भरला की मलेरिया आहे की दुसरे काही याचा घोळ होतो आणि सगळ्या गावाच्या तोंडचे पाणी पळते.

एन-९५ मास्कची फिट टेस्ट करून घ्या. डोक्यावर झाकण घालून आत गोड चवीचा सॅकरीनचा फवारा मारतात. चव लागली तर मास्क तुमच्या चेहऱ्याला बसत नाही, दुसऱ्या मापाचा बघायचा. दाढीचे खुंट वाढले असतील तर कुठलाच मास्क नीट बसणार नाही.

किट चढवणे आणि उतरवणे

पश्चिम आफ्रिकेतल्या त्या साथीत २८,६०० हून अधिक रुग्ण आणि ११,३०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले. त्यांत ८०० हून अधिक आरोग्य कर्मचारी बाधित झाले आणि त्यांतले ५०० हून अधिक दगावले. ही माणसे कामात कच्ची नव्हती. किट अपुरे, माणसे कमी, थकवा प्रचंड. आणि थकलेला हात नकळत चेहऱ्याकडे जातो.

चढवताना घाई नको. आधी लघवीला जाऊन या, अर्धा लिटर पाणी प्या, अंगठी-घड्याळ-मंगळसूत्र काढा, केस बांधा. जोडीदाराने समोर उभे राहून वरपासून खालपर्यंत पाहायचे: कपाळावर, मनगटाशी, मानेशी उघडी कातडी दिसते का? मग हात वर, खाली बसा, उठा. सूट ताणला तर आत फाटणार. एप्रनवर मार्करने ठळक अक्षरात नाव आणि रुग्णांच्या कक्षात शिरल्याची वेळ लिहायची. आतमध्ये सगळे सारखेच दिसतात, आणि कोण किती वेळ आत आहे हे बाहेरच्याला त्या अक्षरांवरूनच कळते.

उतरवणे हा सगळ्यात धोक्याचा भाग. सर्वसाधारण क्रम असा:

१. बाहेर उभा असलेला निरीक्षक एकेक पाऊल मोठ्याने सांगेल. त्याने सांगितल्याशिवाय हात हलवायचा नाही.
२. ग्लोव्हजवरच हात निर्जंतुक करा. हे प्रत्येक पावलानंतर पुन्हा करायचे.
३. पुढे वाकून एप्रन काढा, म्हणजे तो अंगाला घासणार नाही.
४. डोक्यावरचे आवरण, मग सूट आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत खाली. वरचे ग्लोव्हज त्याच्यासोबत.
५. डोळे मिटून, मागच्या पट्ट्याला धरून गॉगल.
६. मास्कची आधी खालची पट्टी, मग वरची. पुढच्या बाजूला बोट लावायचे नाही.
७. बूट, शेवटी आतले ग्लोव्हज, आणि साबणाने हात.

याचा सराव घरच्या हळदीवर होतो. बादलीत हळद कालवा आणि सराव करणाऱ्याच्या ग्लोव्हजवर, एप्रनवर, फेसशील्डवर ते पाणी शिंपडा. सुटाच्या आत पांढरा बनियन घालायला सांगा. सगळे उतरवून झाले की उजेडात आणून मान, कान, मनगटे, बनियनची कड तपासा. साबण लागला की हळद लाल होते, त्यामुळे डाग लपत नाही. मालवणचा एक मुलगा गेल्या उन्हाळ्यात आमच्या पडवीत हा सराव करत होता. गॉगल वाफेने भरला तसा ओरडला, “मॅडम, माका कायच दिसणा नाय!” आणि गॉगल सरळ करायला हात वर गेला. उतरवून झाल्यावर पाहिले तर उजव्या कानामागून जबड्यापर्यंत बोटभर रुंद पिवळा पट्टा. त्याच्या आईने तो बघितला आणि तिला काही समजावून सांगावे लागले नाही. मासे साफ करणारी बाई नळ कोपराने उघडते आणि कपाळावरचे केस दंडाने सारते. तसे वळण हाताला लागेपर्यंत हळदीचा सराव सोडू नका. दिसेनासे झाले तर एकच उपाय: थांबा, जोडीदाराला सांगा, बाहेर पडा.

सरावाच्या आधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटले म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला. कडक उन्हात पूर्ण किटमध्ये पाऊण तास ते एक तास ही सुरक्षित मर्यादा समजा. गरगरायला लागले, बोटांना मुंग्या आल्या किंवा जोडीदार प्रश्नाचे उत्तर देईनासा झाला की काम टाकून दोघांनीही निघायचे. सलाईन अर्धवट राहिली तरी निघायचे. पण उतरवण्याच्या क्रमातले एकही पाऊल गाळायचे नाही. म्हणून शक्ती शिल्लक असतानाच बाहेर पडायची सवय लावा.

क्लोरीनचा हिशेब

आपल्याकडे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो आणि ओटी टेस्टने पाण्यात क्लोरीन किती उरले ते तपासतो. सुट्टीत त्याच्याबरोबर एक सकाळ काढा. पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरीनचे प्रमाण राखणे हे साथीच्या छावणीत मेडिकल असिस्टंटच्याच गळ्यात पडते.

जमीन, खाटा, बूट, सांडलेली उलटी यांसाठी ०.५ टक्क्याचे द्रावण लागते. सूत्र सोपे: हवी असलेली टक्केवारी भागिले पावडरमधली टक्केवारी, गुणिले १,०००, उत्तर येते ते दर लिटरला किती ग्रॅम पावडर. ताज्या टीसीएलमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन धरले तर लिटरला १५ ग्रॅम, वीस लिटरच्या बादलीला ३०० ग्रॅम. परदेशातल्या छावण्यांत बहुधा एचटीएच नावाची ७० टक्क्यांची पावडर मिळते. तिचे लिटरला ७ ग्रॅम पुरतात. टीसीएलच्या सवयीने तेवढाच चमचा एचटीएचचा टाकलात तर द्रावण दुप्पट तिखट होईल, डोळे चुरचुरतील आणि पथकातले लोक ते वापरायला टाळाटाळ करतील. पिशवीवरची टक्केवारी वाचल्याशिवाय चमचा घालायचा नाही. दमट हवेत उघडी राहिलेली पावडर ताकद गमावते. पावसाळ्यात पिशवीत खडे धरलेले टीसीएल तुम्ही पाहिले असेलच. द्रावण रोज ताजे, सावलीत, झाकण लावून ठेवा.

घाण असेल तिथे आधी घाण काढा, कारण रक्त आणि उलटी क्लोरीन खाऊन टाकतात. सांडलेल्यावर फडके टाका, द्रावण ओता, पंधरा मिनिटे थांबा, उचला, मग जागा पुन्हा पुसा. माणसावर क्लोरीन फवारायचे नाही. २०२० मध्ये आपल्याकडे ठिकठिकाणी उभारलेले फवारणीचे बोगदे आठवत असतील. त्यांनी डोळ्यांना आणि कातडीला त्रास होतो आणि रोग काही अडत नाही. उघड्या हातांना साबण-पाणी किंवा अल्कोहोलचे सॅनिटायझर. दोन्ही नसेल तेव्हाच ०.०५ टक्क्याचे सौम्य द्रावण.

दारातली निवड

रुग्ण दारात आला की पहिला प्रश्न असतो की त्याला कुठे ठेवायचे. संशयित आणि निदान पक्के झालेले रुग्ण एकत्र आले तर मलेरियाने आलेला माणूस छावणीत इबोला घेऊन बसेल. म्हणून चालण्याचा रस्ता एकाच दिशेचा: कमी धोक्याकडून जास्त धोक्याकडे. उलटे फिरायचे नाही, विसरलेली कात्री आणायलाही नाही.

इथे कोकणातल्या मुलांना थोडी आघाडी आहे. पावसाळ्यात ताप आला की आपले डॉक्टर मलेरिया, डेंग्यू, लेप्टो असे सगळे एकाच वेळी मनात धरतात. सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्ग भागात, २०१६ पासून त्यात माकडतापाची भर पडली. गोचिडीच्या चाव्यातून होणारा हा आजार १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. तो माणसापासून माणसाला होत नाही, पण जात रक्तस्रावी तापाचीच. दोडामार्गच्या रुग्णांकडून शिकण्यासारखे हे की सुरुवातीला सगळे तापासारखेच दिसते: डोके, कंबर, अंगदुखी, थकवा. इबोलाचेही तेच. रक्त कित्येकांत दिसतच नाही. रक्ताची वाट पाहत बसलात तर रुग्ण तोवर दहा जणांना भेटून आलेला असतो.

म्हणून मीटरभराहून लांब उभे राहून विचारायचे: ताप कधीपासून? जुलाब, उलट्या? घरात कोणी आजारी किंवा वारले? अंत्यविधीला गेला होतात? मृताला हात लावला? इबोलाची लक्षणे संपर्कानंतर २ ते २१ दिवसांत दिसतात, तेव्हा तीन आठवडे मागे जाऊन विचारा. सगळ्यांची मलेरियाची रॅपिड टेस्ट करा, पण ती पॉझिटिव्ह आली म्हणून इबोला नाही असे समजू नका; दोन्ही एकदम असू शकतात. लक्षणे सुरू होऊन ७२ तास व्हायच्या आत पीसीआर निगेटिव्ह आली तर ती पुन्हा करावी लागते.

डेंग्यूची साथ असेल तर ताप उतरल्यावर सावध व्हा. पोटात सणसणून दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, वाढता हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाण) ही धोक्याची चिन्हे. तापाला पॅरासिटामॉलच द्या; आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊ नका. प्लेटलेटच्या आकड्याकडे सगळे नातेवाईक बघत असतात, तुम्ही नाडी आणि लघवीकडे बघा.

पाणी पाजणे आणि सलाईन

मला सगळ्यात जास्त इथेच सांगायचे आहे, कारण जीव वाचतात ते इथे.

कॉलरा घ्या. वेळेवर पाणी भरून काढले तर शंभरात एकही रुग्ण दगावू नये अशी अपेक्षा असते. रुग्ण गळून पडलेला, डोळे खोल, मनगटाची नाडी लागत नाही, चिमटा सोडला तरी कातडी तशीच उभी. अशाला वजनाच्या किलोमागे १०० मिलिलिटर रिंगर लॅक्टेट (शिरेतून द्यायचे क्षारांचे पाणी) द्यायचे. एक वर्षावरच्यांना त्यातले ३० मिलिलिटर पहिल्या अर्ध्या तासात आणि उरलेले ७० पुढच्या अडीच तासांत. वर्षाखालच्या बाळाला तेच ३० एका तासात आणि ७० पाच तासांत. पन्नास किलोच्या माणसाला म्हणजे अर्ध्या तासात दीड लिटर, मग साडेतीन लिटर; अर्धा लिटरच्या दहा बाटल्या तीन तासांत. असे आठ रुग्ण एकदम आले तर ८० बाटल्या. हा हिशेब आदल्या रात्रीच करून बाटल्या खाटांपाशी मांडलेल्या हव्यात.

या वेगाने पाणी द्यायचे तर थेंब मोजता येत नाहीत. जाड सुई, १६ किंवा १८ नंबरची, दोन्ही हातांत एकेक, नळी पूर्ण मोकळी. दर पंधरा मिनिटांनी नाडी पाहा. नाडी लागली, माणूस बोलू लागला की लगेच ओआरएसचा पेला त्याच्या हातात, सलाईन चालू असतानाच. रिंगर नसेल तर नॉर्मल सलाईन चालेल, पण नुसते ५ टक्के डेक्स्ट्रोज इथे उपयोगाचे नाही. ज्याच्या अंगातले पाणी थोडेच कमी झाले आहे त्याला सलाईन लावूच नका: चार तासांत किलोमागे ७५ मिलिलिटर ओआरएस, चमच्याने किंवा घोटाघोटाने. लहान मुलांना झिंक. कुपोषित मुलाला मोठ्यांच्या वेगाने पाणी दिले तर हृदय थकते, त्याचे वेगळे कोष्टक असते. ते लॅमिनेट करून भिंतीवर लावा.

आता दुहेरी ग्लोव्हज घालून शीर शोधा. बोटांना शिरेची जाणीव कमी होते. सरावासाठी आधी एकमेकांच्या हातावर, शिरा डोळे मिटून नुसत्या चाचपायच्या, सुई न टोचता. मग सरावाच्या कृत्रिम हातावर, वाफ धरलेला गॉगल घालून. सुई हातात घेण्याआधी चिकटपट्टीचे तुकडे कापून तयार, वापरलेल्या सुया टाकायचा शार्प्सचा डबा हाताच्या अंतरावर, आणि रुग्णाचा हात धरायला दुसरा माणूस. रुग्ण तगमगत असेल तर एकट्याने प्रयत्न करायचा नाही. सुईला टोपण पुन्हा लावायचे नाही. दोनदा शीर लागली नाही तर दुसऱ्याला द्या. यात कमीपणा काही नाही. शीर मिळतच नसेल तर हाडातून द्यायची सुई वापरण्याचे प्रशिक्षण निघण्याआधी मागून घ्या.

इबोलाच्या रुग्णाला दिवसाला कित्येक लिटर जुलाब होतात. अमेरिका आणि युरोपात पश्चिम आफ्रिकेच्या साथीतल्या २७ रुग्णांवर उपचार झाले, त्यांतले ५ दगावले. प्रायोगिक औषधे बहुतेकांना मिळाली होती, पण त्यासोबत सलाईन, पोटॅशियमची भरपाई, दिवसरात्र शुश्रूषाही मिळाली. पुढे काँगोतल्या चाचणीतून झैरे जातीच्या इबोलासाठी दोन अँटिबॉडी औषधे सिद्ध झाली, इन्माझेब आणि ईबांगा. २०२० मध्ये त्यांना अमेरिकेत मान्यता मिळाली. सुदान जातीच्या विषाणूवर ती चालत नाहीत. औषध असो वा नसो, पेला तोंडाला लावणारा माणूस लागतोच. खाटेशेजारी ठेवलेला ओआरएसचा जग पुढच्या फेरीला तसाच भरलेला दिसला तर समजा, रुग्णाच्या हातात तो उचलण्याची ताकद उरलेली नाही. मानेखाली हात घालून उठवा, आधी चूळ भरायला लावा, मग दोन घोट, थांबा, पुन्हा दोन घोट. किती प्याला ते लिहा.

स्टेथोस्कोपशिवाय

डोके झाकलेले असताना स्टेथोस्कोप कानाला लागत नाही. मग पाहून शिकायचे. पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. नखावर दाबून सोडा, रंग परत यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागतो का? हाक मारल्यावर बघतो, चिमटा काढल्यावर बघतो, की बघतच नाही? बादलीत लघवी किती? ऑक्सिमीटर पारदर्शक पिशवीत घालून वापरता येतो. श्वसनाच्या साथीत ऑक्सिजन कॉन्संट्रेटर जोडणे, त्याची फिल्टर धुणे आणि रुग्णाला पालथे झोपवणे ही कामे करोनाच्या काळात बहुतेकांनी केली आहेत, त्यावर जास्त लिहीत नाही.

आतला कागद बाहेर येत नाही हे मात्र नवख्यांना जड जाते. केसपेपर आत भरायचा आणि कुंपणापाशी उभे राहून बाहेरच्याला वाचून दाखवायचा, किंवा काचेला लावून बाहेरून फोटो घ्यायला सांगायचा. बाहेरच्याने ऐकलेला आकडा उलट म्हणून दाखवायचा. “पोटॅशियम दोन पूर्णांक आठ?” “हो, दोन पूर्णांक आठ.” आत शिरण्याआधी जोडीने यादी करा: कोणत्या खाटा, कोणती कामे, बाहेर कधी. रक्ताच्या नळ्यांवर नाव बाहेरच लिहून न्या. नमुना तीन आवरणांत बंद होतो आणि प्रत्येक आवरण बाहेरून पुसले जाते.

आपल्याच तळाचा संडास

ऑक्टोबर २०१० मध्ये हैतीत कॉलरा पसरला. त्या देशात तो आधी दिसलेला नव्हता. शांतिसेनेच्या एका तळावरचे मैलापाणी नदीच्या उपनदीत गेले आणि तिथून तो देशभर गेला. आठ लाखांवर लोक आजारी पडले, दहा हजारांच्या आसपास मेले. डिसेंबर २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी माफी मागितली. मदतीला गेलेल्यांच्या छावणीतून साथ गेली, हे गणवेश घालणाऱ्या प्रत्येकाने मनात कोरून ठेवावे असे आहे.

म्हणून तळ टाकल्याच्या पहिल्या दिवशी मेडिकल असिस्टंटने संडासाची जागा स्वतः चालून पाहायची. पाण्याच्या उगमापासून निदान ३० मीटर, उताराच्या खालच्या अंगाला, आणि खड्ड्याचा तळ भूजलाच्या किमान दीड मीटर वर. आपल्याकडे जांभ्या दगडातल्या भेगांतून पाणी किती झपाट्याने झिरपते हे मृगाच्या पहिल्या सरींनंतर विहीर गढुळते तेव्हा दिसते. पश्चिम आफ्रिकेत अशीच जांभी जमीन मोठ्या भागात आहे, तिथे ३० मीटरही कमी पडू शकतात. मैला उपसून नेणारी गाडी तो कुठे ओतते हे तिच्या मागे जाऊन बघा. ठेकेदाराच्या पावतीवर विसंबू नका. वरिष्ठ वैतागले तरी अहवालात लिहा.

माणसे

किटमधला माणूस लहान मुलाला भूत वाटतो. किट चढवण्याआधी कुंपणापाशी जाऊन उघड्या चेहऱ्याने हात हलवा, नाव सांगा, मग तेच नाव एप्रनवर दाखवा. लायबेरियात काहींनी आपला हसरा फोटो सुटावर छातीशी चिकटवला होता. स्थानिक भाषेतले पाणी, दुखणे, लघवी, झोप, घाबरू नका एवढे तरी शब्द पाठ करा. दुभाष्या रुग्णाशी काय बोलतो ते त्याला तुमच्याकडे उलट सांगायला लावा. नातेवाइकांना कुंपणापलीकडून, दोन मीटरवरून भेटू द्या. रुग्णाला दिवसातून एकदा घरचे दिसले की तो पाणी प्यायला लागतो, हे कित्येक नर्स सांगतात. बरे झालेल्यांनी तिथल्या छावण्यांत लहान मुलांना सांभाळण्याचे काम केले; त्यांना विचारायला संकोच करू नका.

मृतदेह सगळ्यात जास्त संसर्ग पसरवतो. पश्चिम आफ्रिकेत मृताला आंघोळ घालण्याच्या रीतीतून साथ वाढली. पण बॉडी बॅगेत घालून गाडीत टाकले की घरचे पुढचा रुग्ण लपवतात. आपल्याकडे २०२० आणि २०२१ मध्ये ज्यांना आपल्या माणसाचे तोंडही पाहता आले नाही, त्यांना याचा अर्थ सांगायला नको. तिथला इमाम किंवा पाद्री बोलवा, घरच्या एकाला लांबून पाहू द्या, पेटीत ठेवायची वस्त्रे त्यांच्याकडून मागून घ्या, प्रार्थना संपेपर्यंत थांबा. मृतदेह उचलणाऱ्यांनी त्याला धुवायचे नाही, पण हात जपून लावायचा.

गणवेशाबद्दल एक सांगते. दवाखान्याच्या आवारात शस्त्र न्यायचे नाही, आणि लोकांना जबरदस्तीने आत आणण्याच्या कामात वैद्यकीय माणसाने उतरायचे नाही. एकदा तुमच्या हातून तसे झाले की पुढच्या गावातले लोक ताप आला की जंगलात पळतात.

सुई टोचली तर, आणि परतल्यावर

सुई टोचली, सूट फाटला, डोळ्यात शिंतोडा उडाला तर लगेच बाहेर. क्रमाने किट उतरवून जागा साबण-पाण्याने भरपूर धुवा, डोळा असेल तर नुसत्या पाण्याने, आणि त्याच मिनिटाला कळवा. लपवणारा माणूस जोडीदारालाही धोक्यात घालतो. पथकप्रमुखांनी कळवणाऱ्यावर चिडायचे नाही, हे त्यांनी मोहिमेच्या पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर बोलून दाखवावे असा आग्रह धरा.

मनाचेही बघा. एकाच दिवसात एका घरातली तीन मुले गेल्यावर जेवण जात नाही, हे आजारपण नाही. पण झोप उडाली, चिडचिड वाढली, किट उतरवताना पावले चुकू लागली तर जोडीदाराने वरिष्ठांना सांगायचे. अशा माणसाला बाजूला बसवा, बाहेरची कामे द्या. याची नोंद त्याच्या नोकरीत वाईट म्हणून जाणार नाही, हे निघण्यापूर्वी लेखी ठरवून घ्या.

इबोलासारख्या साथीवरून परतलात की २१ दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजून लिहायचा. सुट्टीचा अर्ज करताना हे दिवस धरा. गणपतीला घरी पोचायचे असेल तर एकवीस दिवस आधी परतीची तारीख यायला हवी, नाही तर त्या वर्षी आरती फोनवर ऐकायची. निघतानाच पथकाच्या डॉक्टरचा आणि जिल्ह्याच्या साथरोग अधिकाऱ्याचा नंबर घरच्यांकडे लिहून ठेवा, आणि गावातल्या आशाताईंना कल्पना द्या. ताप भरला तर एसटीत बसून तालुक्याच्या दवाखान्यात जायचे नाही. वेगळ्या खोलीत बसायचे, आधी फोन करायचा, कुठून परतलात ते पहिल्या वाक्यात सांगायचे, आणि गाडी येईपर्यंत घरच्यांनी जेवणाचे ताट त्या खोलीच्या दारात ठेवून मागे व्हायचे. तपासणीत मलेरियाची टेस्ट करायला आठवणीने सांगा.